छत्तीसच्या आकड्याच्या जोड्या

दारावरची ‘पर्सोनेल’ ही पाटी काढून तिथे ‘ह्यूमन रिसोर्सेस’ अशी चकचकीत पितळी पाटी लागली, तेव्हा पद्मिनी टिपणीसला वाटलं होतं, चला, आता कामातही काही नवं येणार. कसलं काय! टेबल तेच, लोखंडी कपाट तेच, कपाटातल्या तक्रारींच्या फायली त्याच, आणि रोज सकाळी साडेआठला दार न ठोकता आत घुसणारा वॉल्टर क्रूगरही तोच. १९८७च्या जानेवारीतल्या त्या सोमवारी तो आला तो हातात एक पिवळं कार्ड नाचवतच.

“साडेसात!” तो म्हणाला. “अर्धा पॉइंट राहिला, पॅट.”

क्रूगर हा हॉर्नबेक कंट्रोल्सचा प्लँट मॅनेजर. ‘पद्मिनी’ एवढं लांब नाव घ्यायला त्याला सवड नसे, म्हणून गेली सात वर्षं तो तिला पॅट म्हणत आला होता. पद्मिनीनेही ते चालवून घेतलं होतं, कारण त्याच्याशी भांडायला त्याहून मोठे विषय रोज मिळायचे.

नेपरव्हिल या अमेरिकन गावाच्या कडेला असलेल्या या कारखान्यात थर्मोस्टॅट बनत. घर ऊबदार ठेवणारी भट्टी कधी पेटवायची आणि कधी विझवायची हे ठरवणारी, भिंतीवर बसवायची तळहाताएवढी डबी. ती डबी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्यावर अशी सरकत जाई. तिला लाइन म्हणत. मधलं एखादं टेबल रिकामं राहिलं, की पुढच्या सगळ्यांनी हाताची घडी घालून बसायचं. म्हणून कंपनीचा नियम कडक. गैरहजर राहिलात, एक पॉइंट. उशिरा आलात, अर्धा. वर्षात आठ पॉइंट भरले की नोकरी गेली. मूल तापानं फणफणलेलं असो नाहीतर गाडी बर्फात रुतलेली असो, कारण कोणी विचारत नसे.

ते पिवळं कार्ड डोलोरेसचं होतं. ऑरोरा गावातून येणारी, तीन लहान मुलांची आई. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. सात नंबरच्या टेबलावर बसून ती डबीतली पाऱ्याची नळी अशी बेतायची, की अडुसष्ट डिग्री म्हटलं की अडुसष्टच. साऱ्या कारखान्यात इतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सहा वर्षांपूर्वी पद्मिनीनेच तिला नोकरीवर घेतलं होतं आणि त्या निवडीचा तिला अजून अभिमान होता.

“पत्र आत्ताच टाइप करून ठेव,” क्रूगर म्हणाला. “तारीख तेवढी रिकामी सोड.”

तो गेल्यावर पद्मिनीने टाइपरायटरवर कागद चढवला, ‘प्रिय डोलोरेस’ एवढं टाइप केलं आणि कागद खसकन ओढून काढला. तिला राग आला होता. गेल्या वर्षी एकतीस माणसं सोडून गेली होती, त्यांतल्या पंचवीस बाया. प्रत्येकीच्या जागी नवी शिकवायला तीन-तीन महिने. हे सगळं तिने क्रूगरला तक्ता करून दाखवलं होतं, आणि तो म्हणाला होता की बायका सबबी फार सांगतात. आता काय करायचं कपाळ?

त्या आठवड्यात पाचही दिवस डोलोरेस वेळेवर आली. पाचही दिवस पद्मिनी पावणेसातपासून खिडकीत उभी राहून पार्किंग लॉटमध्ये तिची निळी गाडी शोधत राहिली.

आणि मग रविवार उजाडला.

रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम असायची, त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमध्ये. त्र्यंबककाका दिग्दर्शक, एरवी हॉस्पिटलात पेशंटला भूल द्यायचे, तालमीत मात्र कुणाला डुलकी काढू देत नसत. सहा वर्षं दासी, शेजारीण आणि ‘स्त्रियांचा घोळका’ अशा भूमिका केल्यावर यंदा पद्मिनीला नायिका मिळाली होती. नायक होता गिरीश. तो सर्जन.

दुसऱ्या अंकातला भांडणाचा प्रवेश रंगात आला होता. गिरीश हात उंचावून म्हणाला, “तुला काय वाटलं, मी तुझ्या वडिलांच्या…” आणि त्याच्या कमरेचा बीपर किंचाळला. गिरीशने हात तसाच खाली आणला, कोट उचलला आणि पळाला. तेवढ्यात कोपऱ्यात चहा पीत बसलेला नरेंद्र, पेशाने डेंटिस्ट, कप खाली ठेवून उठला, गिरीशच्या जागी उभा राहिला, हात उंचावला आणि म्हणाला, “घरी जावई म्हणून राबायला आलोय?”

कुणीही दचकलं नाही, कुणी हसलंही नाही. मंडळातले निम्मे नट डॉक्टर. केव्हा कोणाचा बीपर वाजेल सांगता येत नाही. म्हणून काकांनी दहा वर्षांपूर्वीच नियम करून टाकला होता, की प्रत्येक भूमिकेला एक बदली. बदलीने सगळं पाठ करायचं आणि प्रत्येक तालमीला हजर राहायचं. आणि ज्याला यायला जमणार नाही, त्याने दिग्दर्शकाला नाही, थेट आपल्या बदलीला फोन करायचा.

“पद्मिनी, तुझं वाक्य!” काका ओरडले.

पद्मिनी जागच्या जागी उभी. डोळे हे एवढे मोठे.

“काका, सापडलं!”

“काय सापडलं? अगं, बोल की! तो बिचारा हात वर करून उभा आहे!”

“दुसरं माणूस, काका! प्रत्येक टेबलाला दुसरं माणूस!” असं म्हणून तिने चक्क एक गिरकी घेतली. पुढची सगळी तालीम तिने इतकी भरधाव म्हटली, की काकांना दोनदा पाणी प्यावं लागलं.

सोमवारी सकाळी क्रूगरच्या केबिनमध्ये दार न ठोकता घुसण्याची पाळी पद्मिनीची होती.

“प्रत्येक टेबलाचं काम दोघांना यायला हवं,” ती एका दमात म्हणाली. “ज्याला यायला जमणार नाही, त्याने सकाळी सहाच्या आत आपल्या जोडीदाराला स्वतः फोन करायचा. जोडीदार त्या टेबलावर बसला, तर पॉइंट नाही. पॅकिंगला आणि स्टोअरला एकदोन माणसं कमी असली तरी भागतं, तिथून माणूस सरकवता येतो. लाइन थांबणार नाही, वॉल्टर!”

क्रूगरने पेन्सिल कानावर ठेवली. लाइन थांबणार नाही, हे शब्द त्याला संगीतासारखे गोड लागत.

“चार आठवडे,” तो म्हणाला. “एकदा जरी लाइन थांबली, तरी तुझी योजना बंद. आणि कुणी फोन न करता घरी बसलं, तर पॉइंट लागणार म्हणजे लागणार. मग ती डोलोरेस का असेना.”

“मान्य!”

पद्मिनी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. त्याच दुपारी तिने सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं, योजना सांगितली आणि म्हणाली, आपापले जोडीदार तुम्हीच निवडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत जोड्या लागल्या, मैत्रिणीने मैत्रीण निवडली, दोस्ताने दोस्त. काय सुंदर दृश्य होतं ते! पद्मिनीला भरून आलं.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडलं आणि सकाळी बावीस नंबरचं टेबल रिकामं. त्याची जोडीदारीण कुठे आहे? तीही नाही. एकतीस रिकामं, त्याची जोडीदारीणही नाही. कारण अगदी साधं होतं. मैत्रिणी त्या मैत्रिणी, त्या एकाच गाडीतून कामावर येत आणि ती गाडी हायवेच्या कडेला बर्फात नाक खुपसून उभी होती!

लाइन आता थांबणार, तेवढ्यात पद्मिनीने साडीवरचा कोट काढून फेकला आणि बावीस नंबरच्या टेबलावर जाऊन बसली. एकतिसावर तिने सुपरवायझरला बसवलं. बावीसवर डबीच्या पाठीला दोन स्क्रू लावायचे असत. पहिली डबी तिने उलटी लावली, दुसरीने तिचं नख तुटलं, पण दोन तास ती मान वर न करता स्क्रू पिळत राहिली आणि लाइन रांगत, रखडत, पण चालत राहिली. क्रूगर शेजारी उभा राहून सगळं बघत होता.

“थांबली नाही,” तो शेवटी म्हणाला. “पण पॅट, पुन्हा मी तुला स्क्रू लावताना बघणार नाही.”

घरी आल्या आल्या तिने काकांना फोन लावला.

“काका, तुमचा नियम मी वापरला आणि माझं हसं झालं! लोक जोडीनेच गैरहजर राहतात!”

काका फोनवर इतके हसले, की काकूंनी येऊन काय झालं म्हणून विचारलं.

“अगं वेडे, तू मित्रांच्या जोड्या लावल्यास? मी कधी लावतो का मित्रांच्या? तुला बदली कोण दिली आहे मी?”

तिची बदली सुहासिनी भाटवडेकर. सुहासिनी आणि तिचा तीन वर्षं छत्तीसचा आकडा. दिवाळीच्या पार्टीला पद्मिनीने चक्क्याऐवजी सावर क्रीमचं, म्हणजे इथले लोक भाजक्या बटाट्यावर घालतात त्या आंबट सायीचं, श्रीखंड केलं होतं, आणि सुहासिनीने चमचाभर तोंडात घालून साठ माणसांसमोर विचारलं होतं, “बटाट्यावर घालायचं का हे?” तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

“तुम्ही मुद्दाम लावलीत ती जोडी?”

“मग! तुझी वाक्यं तिच्याइतकी कुणी पाठ केली असती का? आणि गेल्या वर्षी एकशे दोन ताप असताना तू तालमीला आलीस ती काय नाटकाच्या प्रेमानं? सुहासिनी तुझ्या जागी उभी राहू नये म्हणून आलीस! अगं, अशा जोडीतला पहिला सहसा आजारी पडत नाही, आणि पडलाच तर दुसरा टपून बसलेला असतो. मैत्रीत काय, चालतंय म्हणून दोघंही घरी बसतात.”

पद्मिनीला आधी संताप आला. मग हसू आलं. मग फोन ठेवून ती थेट कोट चढवायला लागली.

“आता कुठे?” शैलेंद्रने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. “यार, स्नो बघ किती आहे! आत्ताच तर आलीस ड्राइव्ह करून!”

“ऑफिसात. फाइल आणायची आहे.”

कोणाचं कोणाशी पटत नाही हे या कारखान्यात फक्त एकाच ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं, आणि ते ठिकाण म्हणजे पद्मिनीचं लोखंडी कपाट. सात वर्षांच्या तक्रारी! याने माझा स्टूल पळवला, तिने माझ्या कॉफीच्या कपात पेन्सिली ठेवल्या, तो शीळ घालतो, ती मला बघून नाक मुरडते. सात वर्षं ती फाइल उघडताना पद्मिनीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या शनिवारी मात्र तिने ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि लग्न जमवणाऱ्या भटजींच्या थाटात एकेक पत्रिका जुळवायला बसली. गुण जितके कमी, तितकी जोडी उत्तम.

सात नंबरच्या डोलोरेससाठी फार शोधावंच लागलं नाही. पॅकिंगमधल्या बर्निसच्या तिच्याविरुद्ध अकरा तक्रारी होत्या. बर्निस एकोणीस वर्षं कंपनीत, सगळ्यात जुनी. सात नंबरचं टेबल रिकामं झालं तेव्हा ते आपल्याला मिळणार असं ती धरून चालली होती, मिळालं डोलोरेसला. तेव्हापासून बर्निस तिच्याशी फक्त रेडिओवरून भांडायला बोलत असे. डोलोरेस स्पॅनिश स्टेशन लावायची आणि बर्निसला पोल्का नाचाची गाणी हवी असायची.

सोमवारी नव्या जोड्यांची यादी लागली आणि कारखान्यात जो काही हलकल्लोळ माजला! पद्मिनीच्या दाराशी रांग लागली. प्रत्येकाचं म्हणणं एकच: ही काहीतरी चूक दिसते. पद्मिनी प्रत्येकाला गोड हसून सांगत होती, “नाही, चूक नाही.” बर्निस रांगेत उभी राहिलीच नाही. ती चष्मा पुसून थेट सात नंबरला गेली आणि डोलोरेसच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली.

“शिकव,” ती म्हणाली.

मग सुरू झाली खरी गंमत. डोलोरेस एक गोष्ट दाखवायची आणि दोन लपवायची. लपवलेल्या दोन बर्निस दुपारपर्यंत शोधून काढायची. बर्निसने डोलोरेसची चूक काढली, की डोलोरेस दुसऱ्या दिवशी ती चूक न करता दुप्पट डब्या उरकायची. सगळ्या लाइनवर हेच. जो तो दुसऱ्याच्या टेबलावर डोळा ठेवून, आणि आपली खुर्ची घट्ट धरून! पहिल्या आठवड्यात गैरहजर चौदा होते. दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात दोन. त्या दोघांचीही टेबलं चालली. क्रूगर रोज सकाळी हजेरीचा तक्ता डोळ्यांजवळ धरून बघायचा, मग लांब धरून बघायचा. पद्मिनी घरी येऊन शैलेंद्रला ते आकडे जेवताना, भांडी विसळताना आणि दात घासतानासुद्धा सांगायची.

चौथा आठवडा. गुरुवारपर्यंत सगळं सुरळीत. शुक्रवार हा शेवटचा दिवस. त्याच संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची रंगीत तालीम, शनिवारी प्रयोग.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला.

“मिसेस टिपणीस,” डोलोरेस रडत होती. “धाकटीला कांजिण्या आल्यात. अंग भाजतंय. शेजारीण घरात घेत नाही, तिची स्वतःची मुलं आहेत. मी येऊ शकत नाही. माझं संपलं.”

“काही संपलेलं नाही!” पद्मिनी अंथरुणात ताडकन उठून बसली. “बर्निसला फोन कर. सहाला अजून अर्धा तास आहे.”

पलीकडे नुसता नाक ओढल्याचा आवाज.

“डोलोरेस?”

“त्या बाईला?” डोलोरेस म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. “माझ्या खुर्चीवर येऊन बस म्हणून मी तिला विनवू? सहा वर्षं ती या दिवसाची वाट बघतेय. ती हसेल आणि नाही म्हणेल. त्यापेक्षा तुम्ही मला पत्र पाठवा.”

“नोकरीचा प्रश्न आहे गं! तीन मुलं आहेत तुझी!”

“मला माहीत आहे,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

पद्मिनी रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. डोलोरेसचा तिला राग यायला हवा होता, पण येईना. एकशे दोन तापात सुहासिनीला फोन न करणारी बाई कोण होती? ही जोडी तिनेच लावली होती. फाइल उघडून, खुशीत येऊन, गुण मोजून. टपून बसलेला जोडीदार उत्तम, हे काकांचं खरं. पण जिच्यावर टपला आहे तिला हात पसरावा लागेल तेव्हा काय, हा विचार तिने केलाच नव्हता.

“तूच कर ना बर्निसला फोन,” शैलेंद्र उशीतून म्हणाला. “कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” पद्मिनी म्हणाली. नियम तिचा होता, जो येणार नाही त्याने स्वतः सांगायचं. आणि क्रूगर बर्निसला विचारल्याशिवाय राहणार नव्हता. तिने डोलोरेसचा नंबर पुन्हा फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. बर्निसला लावते आहे की रिसीव्हर काढून ठेवला आहे? सहा वाजले.

बर्फ नुसतं कोसळत होतं. रस्ता साफ करणाऱ्या ट्रकच्या मागे मागे ती वीस मैलांच्या वेगाने निघाली. हात स्टिअरिंगला चिकटलेले, आणि तोंडाने देवाचं नाव घेता घेता मधेच क्रूगरला शिव्या. पावणेसातला ती लाइनवर पोचली. सगळी टेबलं भरलेली, फक्त सात नंबर रिकामं. त्याच्याशेजारी क्रूगर, मनगटावरच्या घड्याळात बघत.

“फोन आला होता?” त्याने विचारलं.

“मला कळेल इतक्यात,” पद्मिनी म्हणाली.

सातला चार मिनिटं कमी असताना बर्निस आली. टोपीवर बर्फ, हातात जेवणाचा डबा. ती आपल्या पॅकिंगच्या टेबलाकडे गेली. डबा ठेवला. कोट काढून खुंटीला लावला. मान वळवून तिने सात नंबरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

बर्निसला फोन आलेला नाही, हे त्या पाहण्यावरून लख्ख दिसत होतं. आता बर्निसला काहीच करायचं नव्हतं. नुसतं जागेवर बसून राहायचं. लाइन थांबेल, डोलोरेस जाईल, आणि सात नंबरचं काम येणारं दुसरं माणूस आता सगळ्या कारखान्यात एकच होतं. खुर्ची आपोआप चालत तिच्याकडे येणार होती!

शिफ्टचा भोंगा वाजला. बर्निस तरातरा चालत आली, क्रूगरला कोपराने बाजूला सारलं, सात नंबरच्या खुर्चीवर बसली आणि चष्मा नाकावर चढवला.

“थांब,” क्रूगर म्हणाला. “डोलोरेसने तुला फोन केला होता?”

सगळी लाइन कान टवकारून ऐकत होती. बर्निसने पहिली डबी उचलली.

“पावणेसहाला,” ती म्हणाली. “गाढ झोपेतून उठवलं मला. घरी पोर आजारी आहे म्हणाली. त्या बाईला रीतभात म्हणून नाही. आता सरका, उजेड अडतोय.”

क्रूगरने पद्मिनीकडे पाहिलं. पोराच्या आजाराचं बर्निसला कळलं कसं, हा प्रश्न पद्मिनीच्या जिभेवर आला आणि तिने तो गिळला. आजारी मुलाखेरीज डोलोरेस कधी घरी राहिलीच नव्हती, आणि अकरा तक्रारी करणाऱ्या बाईला ते तिच्याइतकंच ठाऊक असणार. पद्मिनीने तक्त्यावर लिहिलं: ‘सात नंबर, बदली हजर. कळवल्याची वेळ पावणेसहा, बर्निसच्या सांगण्यावरून.’ अक्षर झकास आलं. आणि लाइन धावायला लागली! सातवरून आठवर, आठवरून नऊवर, एकही डबी न अडखळता.

साडेसातला तिच्या केबिनमध्ये फोन वाजला. डोलोरेस.

“मी फोन नाही केला,” ती म्हणाली. “नंबर चारदा फिरवला आणि चारदा ठेवून दिला. मला माफ करा. माझ्या वस्तू कुणाबरोबर तरी पाठवा.”

“वस्तू राहू देत. तुझ्या खुर्चीवर बर्निस बसली आहे. तू तिला पावणेसहाला फोन केलास म्हणून तिने सगळ्यांसमोर सांगितलंय.”

पलीकडे लहान मुलगी कुरकुरत होती.

“तिने माझं स्टेशन बदललं का?” डोलोरेसने विचारलं, आणि मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पद्मिनीही.

कॉफीच्या सुट्टीत पद्मिनी सात नंबरपाशी गेली. रेडिओवर पोल्का चालू होता.

“बर्निस,” ती हळूच म्हणाली, “तिने फोन केला नव्हता. धाकटीला कांजिण्या आल्यात.”

“माहीत आहे मला. मी पाचपासून उठून बसले होते,” बर्निस म्हणाली. “बर्फ एवढं, तिची मुलं लहान. कुणाला तरी काहीतरी होणार, हे मला दिसत होतं. फोन वाजला नाही तेव्हा मला इतका राग आला! एकोणीस वर्षं काम करतेय मी इथे. मला विचारायला एवढी लाज वाटते?”

“मग तसं का सांगितलंस? टेबल तुला हवं होतं ना?”

“अजून हवंय,” बर्निसने डोळे वटारले. “पण ते मला तिच्याकडून घ्यायचंय. कांजिण्यांकडून नाही.”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डोलोरेसचा पुन्हा फोन आला आणि या वेळी तिने बर्निसला बोलवायला सांगितलं. बर्निस केबिनमध्ये आली, रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिली. एकदा तिने चष्मा काढून डोळे पुसले. मग घसा खाकरून म्हणाली, “ओटमील बारीक करून कोमट पाण्यात घाल आणि त्यात बसव तिला. खाज थांबते. आणि सोमवारी ये लवकर. इथे तुझा चिमटा कुठे ठेवतेस ते मला अजून सापडलेलं नाही.”

चार वाजता क्रूगर आला. आणि दार ठोकून आला!

“पद्मिनी,” तो म्हणाला. पूर्ण नाव, जरा अडखळत, पण पूर्ण. “हेड ऑफिसला तुझी योजना हवी आहे. तिन्ही कारखान्यांसाठी. आज रात्री आठपर्यंत फॅक्स करायची. बसू या?”

पद्मिनीला खुर्चीवर चढून नाचावंसं वाटलं. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेपाचला रंगीत तालीम! सहा वर्षांनी मिळालेली नायिका, नवी कोरी साडी, आणि सगळ्यांसमोर तिच्या जागी उभी राहणार होती सुहासिनी.

“पाच मिनिटं दे,” ती क्रूगरला म्हणाली.

काकांना फोन करणं सोपं होतं. काकांनी सुहासिनीला कळवलं असतं. पद्मिनीने डायरीतून सुहासिनीचा नंबर काढला, तो फिरवला, मधेच ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवला.

“सुहासिनी? पद्मिनी बोलतेय. आज तालमीला मला यायला जमत नाहीये. माझ्या जागी तू उभी राहशील?”



“ताप आहे का तुला?” सुहासिनीने विचारलं.

“नाही. ऑफिसात मोठं काम निघालंय. चांगलं काम. उद्या सांगते.”

“राहते मी उभी,” सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. “कधी एकदा विचारतेस असं झालं होतं बघ. पण उद्या प्रयोगाला तूच ये, वेळेवर. मला पहिल्या रांगेत बसून तुझ्या चुका काढायच्यात.”

“काढ,” पद्मिनी म्हणाली. “आणि प्रयोगानंतर जेवायला आमच्याकडे ये. श्रीखंड करते.”

“श्रीखंड मी आणते,” सुहासिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.